सर, ही चूक कुणाला सांगायची?



२०२५ सालच्या दिवाळीच्या सुट्टीनंतरची गोष्ट आहे. नांदेड जिल्ह्यातील एका माध्यमिक शाळेच्या मुख्याध्यापकांनी मला निरोप धाडला, "आमच्याकडचे संगणक एकदा पाहून जा." मी महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवतो, संगणक हा काही माझा विषय नव्हे. परंतु आपल्याकडे विज्ञानाचा मास्तर म्हणजे विजेच्या पंपापासून सूर्यग्रहणापर्यंत सगळ्याचा जाणकार, असा एक समज असतो. मीही तो मोडत नाही.

खोलीत दहा संगणक ओळीने मांडलेले होते. त्यांवर जुन्या चादरी शिवून केलेली आवरणे होती. शहरातल्या विक्रेत्याने सांगितले होते की, हे आता भंगारात काढा आणि नवे घ्या. मी एकेक सुरू करून पाहिला. दोन सुरूच झाले नाहीत. दोन फारच जुने, ३२ बिटांचे निघाले. उरलेले सहा मात्र ठणठणीत होते. मग ते भंगार कसे? तर त्यांवर असलेली विंडोज १० ही कार्यप्रणाली! तिला नेहमीच्या मोफत सुरक्षा-दुरुस्त्या पुरवणे कंपनीने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवले. मुदत थोडी वाढवून घेण्याची सोय आहे, पण ती कायमची नव्हे. पुढची विंडोज ११ बसवायची तर यंत्रात ठरावीक सुरक्षा-चिप आणि अलीकडचा प्रक्रियक लागतो, तो या संगणकांत नव्हता. म्हणजे यंत्र धडधाकट होते आणि ते म्हातारे झाल्याचा निर्णय दुसरीकडेच कुठे तरी झाला होता.

नववीची काही मुले आणि मी मिळून त्या सहा संगणकांवर डेबियन ही लिनक्सची आवृत्ती बसवली. तिला पैसे पडत नाहीत. भाषा निवडताना मुलांनी मराठी निवडली आणि सगळ्यांना मौज वाटली. पण एका छोट्या शैक्षणिक आज्ञावलीत चित्र डावी-उजवीकडे सरकवण्याची दोन बटणे होती. एकावर लिहिले होते 'डावे' आणि दुसऱ्यावर 'बरोबर'!

एक मुलगी म्हणाली, "सर, मग डावं म्हणजे चूक का? मी तर डावखुरी आहे." वर्ग हसला. ती हसली नाही. तिने लगेच दुसरा प्रश्न विचारला, "सर, ही चूक कुणाला सांगायची?"

हा प्रश्न मला वर्गात क्वचितच ऐकू येतो. पुस्तकाच्या मागे छापलेले उत्तर चुकले असेल, तर आमची हुशार मुले स्वतःचे बरोबर गणित खोडतात आणि छापील उत्तर कसेबसे जुळवून आणतात. परीक्षेतील यशासाठी आपला लातूर पॅटर्न महाराष्ट्रभर गाजला. त्या मुलांच्या कष्टांबद्दल मला आदर आहे. परंतु छापलेले चुकू शकते आणि ते आपल्याला दुरुस्त करता येते, ही गोष्ट त्या पॅटर्नमध्ये कुठे बसते, हे मला अद्याप सापडलेले नाही. म्हणून त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर जरा सविस्तर देतो.

कार्यप्रणाली म्हणजे काय, ते आधी पाहू. लातूरच्या एस.टी. स्थानकावर थोडा वेळ उभे राहा. उदगीर, निलंगा, अंबाजोगाई, अहमदपूरमार्गे नांदेड अशा गाड्या सारख्या येत-जात असतात. फलाट मोजके आणि गाड्या पुष्कळ. कोणती गाडी कोणत्या फलाटाला लावायची, कोणती आधी सोडायची, हे वाहतूक नियंत्रक ठरवतो. तो स्वतः एकही प्रवासी वाहून नेत नाही. पण तो नसेल तर एकही गाडी धड हलणार नाही. संगणकातील प्रक्रियक म्हणजे फलाट आणि आज्ञावली म्हणजे गाड्या. कार्यप्रणालीचा गाभा एका आज्ञावलीला काही सहस्रांश सेकंद प्रक्रियक वापरू देतो, मग तिला बाजूला काढून दुसरीला पुढे घेतो. हे इतक्या झपाट्याने चालते की, आपल्याला सर्व कामे एकदम होत आहेत असे वाटते. स्मृतीतील जागा वाटून देणे, साठवणीतली माहिती शोधून आणणे, कळ दाबली की योग्य अक्षर पडद्यावर उमटवणे, अशी कितीतरी कामे तिच्याकडेच असतात.

या नियंत्रकाच्या हातात नियमांची वही असते असे समजा. ती वही कुणी लिहिली? आपल्याला ती वाचता येते का? सुधारता येते का? विकत घेतलेल्या प्रणालीची वही कंपनीच्या कपाटात कुलूपबंद असते. तक्रार करण्यासाठी कंपनीचे दार असते, पण आत काय झाले ते आपल्याला दिसत नाही.

अमेरिकेतील रिचर्ड स्टॉलमन यांनी सप्टेंबर १९८३ मध्ये जाहीर केले की, आपण एक संपूर्ण कार्यप्रणाली लिहिणार असून ती कुणालाही वाचता, बदलता आणि वाटता येईल. तिचे नाव ग्नू. तिचे बरेच भाग तयार झाले, पण गाभा रखडला. पुढे २५ ऑगस्ट १९९१ रोजी फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टॉरवाल्ड्स या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने संगणकाच्या जाळ्यावरून एक पत्र धाडले. ते मिनिक्स नावाची, शिकवण्यासाठी तयार केलेली छोटी प्रणाली वापरणाऱ्यांना उद्देशून होते. मी हौस म्हणून एक कार्यप्रणाली करतो आहे, मिनिक्समधले तुम्हाला काय आवडते आणि काय आवडत नाही ते कळवा, सूचना जरूर करा. मात्र त्या अमलात आणीनच असे वचन देत नाही, असा त्या पत्राचा आशय होता. तोच पुढे लिनक्सचा गाभा झाला. आज जगातील बहुतेक बलाढ्य संगणक आणि तुमच्या घरचा अँड्रॉइड फोनही त्याच गाभ्यावर चालतो.

आपल्याकडे खेड्यात इर्जिक घालत असत, ते आजोबांना विचारा. एखाद्याचे शेत नांगरायचे राहिले की गावातले शेतकरी आपापली बैलजोडी घेऊन त्याच्या शेतात उतरत. मजुरी नाही, मालकाने जेवण घालायचे. लिनक्सची इर्जिक गेली ३० हून अधिक वर्षे चालू आहे. फरक एवढाच की, इर्जिकीतले शेत एकाचे असते आणि इथले शेत नांगरणाऱ्या सगळ्यांचे, शिवाय न नांगरणाऱ्यांचेही. आता अनेकांना या कामाचा पगारही मिळतो, कारण मोठमोठ्या कंपन्या आपली माणसे या शेतात पाठवतात. त्यांच्या गरजा आधी भागतात, ही तक्रार काही अगदीच खोटी नाही.

सगळे मिळून ठरवतात म्हणजे सगळे गोडीगुलाबीने ठरवतात, असे मात्र समजू नका. जानेवारी १९९२ मध्ये मिनिक्सचे कर्ते प्राध्यापक अँड्र्यू टॅनेनबॉम यांनी लिनक्सची रचनाच कालबाह्य आहे, असे जाहीरपणे लिहिले. गाभा लहान ठेवावा आणि बाकीची कामे वेगळी काढावीत, असे त्यांचे मत होते. ज्यांच्या पुस्तकावरून लिनस शिकले, त्यांना त्यांनी सर्वांसमक्ष उत्तर दिले, तेही बऱ्याच गरम भाषेत! तो वाद आजही कुणालाही वाचता येतो. गाभ्यात काय घ्यायचे, याचा शेवटचा शब्द आजही लिनस यांच्याकडे असतो. तेथे मतदान नसते.

डेबियनची पद्धत वेगळी आहे. १९९३ मध्ये इयन मरडॉक यांनी सुरू केलेल्या या प्रकल्पाला लिखित घटना आहे आणि त्याचे सदस्य दरवर्षी आपला प्रमुख निवडतात. मत देताना एकाच नावापुढे खूण न करता सर्व नावांना पसंतीचे क्रम द्यायचे असतात. एवढी लोकशाही असूनही भांडण चुकले नाही. संगणक सुरू होताच इतर सर्व सेवांना जागे करणारी जी पहिली आज्ञावली असते, ती कोणती असावी यावर कडाक्याचा वाद झाला. फेब्रुवारी २०१४ मध्ये तांत्रिक समितीत मते समसमान पडली आणि अध्यक्षांच्या निर्णायक मताने प्रश्न सुटला. ज्यांना तो पटला नाही, त्यांच्यातल्या काहींनी त्याच वर्षी देवुआन नावाची वेगळी चूल मांडली. मला यात वाईट काही दिसत नाही. निदान भांडण कशावरून झाले, ते बाहेरच्या माणसाला कळते.

आता आपल्या मराठीकडे येऊ. 'आचार्यांना वाढा' आणि 'आचाऱ्यांना वाढा' ही दोन वाक्ये पाहा. पहिल्यात गुरुजी जेवत आहेत आणि दुसऱ्यात स्वयंपाकी! रफार आणि पाऊण र यांतला हा फरक हिंदीला लागत नाही, आपल्याला लागतो. संगणकाला अक्षर म्हणजे एक क्रमांक असतो आणि जगातील लिप्यांना असे क्रमांक देण्याचे काम युनिकोड ही संहिता करते. तीत पाऊण र साठी 'ऱ' या अक्षराचा आणि हलन्त चिन्हाचा आधार घेतला आहे. दुसरे उदाहरण 'ॲसिड'मधल्या 'ॲ'चे. हिंदीत 'ऐसिड' लिहून भागते. मराठीत 'ॲ' हवाच. तरीही त्याला स्वतंत्र क्रमांक मिळायला २००८ साल उजाडावे लागले. तोपर्यंत 'अ' वर चंद्र चढवून लोक वेळ मारून नेत. तीच गोष्ट 'ल' आणि 'श' यांची. आपला पाकळीचा ल आणि देठाचा श महाराष्ट्र शासनाने २००९ मध्ये प्रमाण ठरवला, तरी कितीतरी संगणकांवर अजून हिंदी वळणाचीच अक्षरे दिसतात. यात कुणाचा दुष्टावा नाही. देवनागरी म्हटले की हिंदी, असे दूरच्या माणसाला वाटणे स्वाभाविक आहे. निर्णय होत असताना तिथे मराठी माणूस हजर असावा लागतो, इतकेच.

आणि हजर राहणे म्हणजे मराठीपुरतेच नव्हे. देगलूर-धर्माबादकडे कितीतरी घरांत तेलुगू बोलतात, नांदेडात उर्दू शाळा आहेत, किनवटकडे गोंडी आणि बंजारा बोली आहेत. किनवटहून जवळच, तेलंगणातील आदिलाबाद जिल्ह्यात गुंजाळा नावाचे गाव आहे. तेथील हस्तलिखितांतल्या गोंडी लिपीला २०१८ मध्ये युनिकोडमध्ये स्थान मिळाले. क्रमांक मिळाले, म्हणजे अक्षरे लिहिण्याची वाट मोकळी झाली. त्या भाषेत संगणक उघडेल की नाही, हे मात्र गोंडी जाणणारी मुले पुढे येतात की नाही, यावर अवलंबून आहे. कंपनीला तेथे बाजारपेठ दिसणार नाही.

मग 'उजवीकडे' चे 'बरोबर' कसे झाले? हे समजून घेण्यासारखे आहे. लिनक्सवरील आज्ञावल्यांतले पडद्यावर दिसणारे सगळे शब्द काढून त्यांची एक साधी यादी बनवतात. वरच्या ओळीत इंग्रजी शब्द, खालच्या ओळीत भाषांतर, अशी शेकडो जोडपी त्या यादीत असतात. भाषांतर करणाऱ्या स्वयंसेवकासमोर आज्ञावली नसते, फक्त यादी असते. त्याला दिसले 'राइट'. हा शब्द बटणावर आहे की उत्तरपत्रिकेवर, हे त्याला कसे कळावे? बहुधा रात्री जागून, नोकरी सांभाळून त्याने दोनशेवा शब्द लिहिला असेल. संदर्भ कळावा म्हणून शब्दाशेजारी टीप लिहिण्याची सोय या याद्यांत आहे, परंतु मूळ लेखकाने ती लिहायला तर हवी! इंग्रजीत दोन्ही अर्थांना एकच शब्द असल्यामुळे त्याला अडचण जाणवलीच नाही. ती जाणवली आमच्या वर्गातल्या एका डावखुऱ्या मुलीला.

अशा याद्यांवर आपल्या लोकांनी बरेच काम केले आहे. २००० सालच्या सुमारास मुंबईत इंडलिनक्स हा भारतीय भाषांसाठीचा प्रयत्न सुरू झाला. पुण्यातही स्वयंसेवक आणि रेड हॅट कंपनीतील भाषांतरकार यांनी मराठीसाठी पुष्कळ कष्ट घेतले. २००४ मध्ये मुक्त झालेल्या लोहित टंकांचा (लोहित म्हणजे तांबडा) मोठा उपयोग झाला. २००८ मध्ये फ्युएल नावाचा उपक्रम निघाला. वारंवार येणाऱ्या शब्दांची यादी घेऊन वापरणारे, लिहिणारे आणि भाषांतर करणारे एकत्र बसून प्रत्येक भाषेत एकेक शब्द ठरवतात. ही पद्धत मला सर्वांत पसंत आहे. त्याआधी २००७ मध्ये सी-डॅक या सरकारी संस्थेने डेबियनवर आधारलेली बॉस ही भारतीय प्रणाली आणली. शाळांसाठी तिची निराळी आवृत्तीही आहे. काम चांगले, पण माझ्या मते ते वरून खाली आले. शाळेतल्या शिक्षकाला कुणी विचारले नाही आणि त्यानेही विचारले जाण्याची वाट पाहिली. केरळात वेगळे घडले. तेथील सरकारी शाळांतून चालणाऱ्या लिनक्सच्या आवृत्तीच्या घडणीत शिक्षकांचा हात आहे आणि मल्याळम अक्षरांसाठी झटणारा स्वयंसेवकांचा गटही तेथे आहे. हे सारे वाचताना मुंबई, पुणे, तिरुवनंतपुरम ही नावे येतात. लातूर, नांदेड, परभणी ही नावे मला फारशी भेटली नाहीत, याची खंत वाटते.

पालकसभेत मी हे बोललो, तेव्हा एका गृहस्थांनी विचारले, "नोकरीत तर विंडोजच लागते. मग पोराला हे कशाला?" प्रश्न रास्त आहे. काही सरकारी कामांच्या आज्ञावल्या विंडोजवरच चालतात, हे खरे. आमच्या शाळेचा छपाईयंत्राचा प्रश्नही अद्याप सुटलेला नाही. लिनक्सवर ते यंत्र अर्धे पान छापून थांबते. हे सगळे मी त्यांना सांगितले. शिवाय डेबियनच्या ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या तेराव्या आवृत्तीत जुन्या ३२ बिटी संगणकांवर ती बसवण्याची नेहमीची सोय काढून टाकली आहे, म्हणून आमचे दोन संगणक तसेच राहिले. सर्वांनी मिळून ठरवले तरी कुणाचे तरी यंत्र म्हातारे ठरतेच. फक्त ती चर्चा आधीपासून उघड्यावर चालली होती आणि आम्ही तेथे नव्हतो. परंतु नियंत्रकाची वही एकदा आतून पाहिलेल्या मुलाला दुसऱ्या स्थानकावरचा नियंत्रक समजायला वेळ लागत नाही, असा माझा अनुभव आहे. त्या गृहस्थांचे पूर्ण समाधान झाले असे म्हणवत नाही.

आता त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर. अशा प्रणालींसाठी चुकांची उघडी नोंदवही असते. डेबियनच्या नोंदवहीतले क्रमांक दहा लाखांच्या पुढे गेले आहेत. नोंद कुणीही करावी, कुणीही वाचावी. मुलांनी चार ओळी इंग्रजीत लिहिल्या, पडद्याचे चित्र जोडले आणि धाडून दिले. नऊ दिवसांनी एका अनोळखी मराठी स्वयंसेवकाचे उत्तर आले. चूक मान्य होती, पण त्याने उलट विचारले, 'उजवे' हवे की 'उजवीकडे'? यावर वर्गात पाऊण तास वाद झाला. बटण दाबल्यावर चित्र सरकते, म्हणून दिशा दाखवणारा शब्द हवा, असा मुद्दा मागच्या बाकावरच्या मुलाने मांडला आणि 'उजवीकडे' ठरले. मग शेजारच्या 'डावे'चेही 'डावीकडे' करावे लागले. दुरुस्ती स्वीकारली गेली आहे. मात्र डेबियनची नवी आवृत्ती साधारण दोन वर्षांनी येते. त्यामुळे ती आमच्या संगणकावर दिसेल, तेव्हा ही मुलगी अकरावीत गेलेली असेल. तिला हे सांगितले तेव्हा ती म्हणाली, "चालेल, खालच्या वर्गाला तरी बरोबर दिसेल."

शिक्षक बंधुभगिनींना माझी एक सूचना आहे. संगणकाच्या खोलीत दोरीने बांधलेली एक वही ठेवा. मुलांना जे खटकेल ते त्यांनी तारखेसह लिहावे. महिन्यातून एकदा मराठीच्या आणि विज्ञानाच्या शिक्षकांनी ती वही घेऊन मुलांबरोबर बसावे आणि पाठवण्याजोगे असेल ते पाठवावे. तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात ज्वालामुखीच्या प्रतिकृती दरवर्षी येतात. त्यांच्या शेजारी एका टेबलावर ही वही मांडली तर बिघडणार नाही.

आमच्या वहीत आजवर अकरा नोंदी झाल्या आहेत. चार पाठवल्या. एक परत आली, कारण चूक आमचीच होती; कळफलकाची मांडणी आम्ही भलतीच निवडली होती. सध्या भांडण चालू आहे ते नको असलेल्या फाइली जेथे जातात, त्या जागेच्या नावावरून. पडद्यावर 'कचरापेटी' असे आहे. सातवीतला एक मुलगा म्हणतो की, कचरा टाकला की गेला, पण इथून तर फाइल परत काढता येते. घरी परत काढता येते ती रद्दी, म्हणून 'रद्दी' म्हणावे. मराठीच्या बाई त्याच्या बाजूच्या आहेत. रुळलेला शब्द मोडू नये, असे मला वाटते. शनिवारी मतदान आहे आणि बहुधा मी हरणार.